नरेल ट्रँटरची शिफारस कोण करणार

नरेल ट्रँटर पवनचक्कीच्या टोकावर असली की भरपूर बोलते आणि खाली उतरली की गप्प होते. मुंडारा गावच्या लोकांना हे इतकं अंगवळणी पडलंय, की तिच्याशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं तर ते शिडीपाशी उभे राहून वर तोंड करून ओरडतात.

वर ती बोलते चक्कीशीच. "काय गं, घसा सुकला? वर्षभर तेलाचा थेंब नाही मिळाला ना? थांब, आले मी. आणि हा पंखा कुणी वाकवला? वाऱ्याने? सगळं वाऱ्यावरच ढकलतेस तू."

ही सवय बापाची. ऑब्री ट्रँटरने त्या मुलखातल्या, बोअरचं पाणी उपसणाऱ्या निम्म्याअधिक चक्क्या उभ्या केल्या. नऊ वर्षांची नरेल त्याच्या मागून शिडी चढली, तेव्हा खाली आई पाठ फिरवून उभी होती, तिला बघवेना. पुढे ऑब्रीचं कंबरेचं हाड गेलं आणि नरेल एकटीच कामावर जायला लागली. एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, "पोरीला पाठवतोस, ऑब्री?" ऑब्री म्हणाला, "दुसरं कोणी मिळालं नाही." बापाच्या तोंडून निघालेली तिची एवढीच स्तुती, आणि नरेलने ती आजवर जपून ठेवली आहे.

मुंडारात तोंडावर कौतुक करण्याची रीतच नाही. एखाद्याशी सगळे गोड बोलायला लागले तर त्याने ओळखावं, की आपण लोकांच्या मनातून उतरलो. बँकेच्या माणसाशी सगळे गोड बोलतात. नरेल पबच्या दारात आली की मात्र आतून आवाज येतो, "अजून पडली नाहीस वाटतं?" ती म्हणते, "तुमच्या अंगावर पडायचं म्हणून थांबलेय." मग तिच्यासाठी बिअर येते.

पण गेल्या काही वर्षांत एकेका रानात सौरपंप बसायला लागले. चक्क्या थांबल्या, काही पाडून भंगारात गेल्या. नरेल बावन्न वर्षांची झाली होती. किनाऱ्याकडच्या शहरात राहणारी बहीण म्हणायची, इकडे ये, सुपरमार्केटात जागा आहे, डोक्यावर छप्पर आणि थंड हवा. नरेलने एकदा तिथे जाऊन पाहिलं. परत आल्यावर ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही, चक्कीशीसुद्धा.

तिला यातून बाहेर काढलं रोझलिनने. रोझलिन केस कापणारी. ती आपली गाडी घेऊन गावोगाव फिरते आणि महिन्यातून एकदा मुंडाराच्या सभागृहात खुर्ची मांडते. तिचं फेसबुकवर पान होतं, त्यावर ती कापलेल्या केसांचे आधीचे आणि नंतरचे फोटो टाकायची. त्या जोरावर तिला चार गावं वाढवून मिळाली होती.

"तुझं काम किती लोकांना माहीत आहे?" नरेलच्या मानेवर कात्री चालवत रोझलिनने विचारलं.

"ज्यांच्याकडे चक्की आहे त्यांना."

"आणि त्यांच्याकडे चक्की राहिली नाही की?"

नरेल मांडीवर पडलेले केस झटकायला लागली.

"अगं, कारागिराचं नाव कामाच्या पुढे धावायला पाहिजे. 'चक्की' म्हटलं की माणसाला तुझा चेहरा आठवला पाहिजे. आजच पान काढू. स्वतःबद्दल चार ओळी लिही."

नरेलने सगळी दुपार घालवून लिहिलं: "चक्की बिघडली असेल तर फोन करा. कदाचित दुरुस्त होईल."

रोझलिनने ते वाचलं आणि कात्री खाली ठेवली. "कदाचित? बाई, तू जाहिरात लिहिलीस की माफीनामा?"

"मग काय लिहू? मीच सगळ्यांत भारी, असं? आपल्या तोंडाने आपली आरती ओवाळू? गावात तोंड दाखवायला जागा नाही राहायची."

"राहू दे, लिहू नकोस. वर चढलीस की बोलतेस ना, तेच लोकांना दाखव." आणि केस रंगवताना बांधायच्या एप्रनच्या पट्ट्यांनी रोझलिनने नरेलच्या छातीवर फोन आवळून बांधला.

पहिल्याच व्हिडिओत नरेलचे हात दिसत होते, शिडीचे दांडे दिसत होते आणि मग एकाएकी खाली पसरलेलं तांबडं रान. पंख्यात चार गुलाबी काकाकुवे बसले होते. "उठा रे, भाडं न देणाऱ्यांनो," नरेल त्यांना म्हणत होती. मग तिने गिअरचं झाकण उघडलं, तेलात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळून बघितलं. "हे बघा. यात धातूचा चुरा लागतोय हाताला. ही बाई आतून झिजतेय आणि सांगत नाहीये."

आठवडाभरात तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. आफ्रिकेतल्या कारूमधल्या एका शेतकऱ्याने लिहिलं, की आजोबांच्या चक्कीचा आवाज इतक्या वर्षांनी ऐकला. अमेरिकेतल्या नेब्रास्कातून एकाने विचारलं, की माझी चक्की दर फेरीला ठोका देते, काय करू? नरेलने त्याला काढलेल्या चित्रासकट लांबलचक उत्तर लिहिलं. पाताळातून प्रश्न यावेत आणि आपल्याला त्यांची उत्तरं यावीत! ती सकाळी चहाआधी फोन बघायला लागली. चालताना मध्येच हसायची. दर सोमवारी नवा व्हिडिओ टाकायचाच, हा तिने नेम केला: खोल बोअरमधून सळ्या कशा ओढायच्या, पंपातलं चामड्याचं वायसर झिजून म्हाताऱ्याच्या कानासारखं कसं होतं, वारा पडलेला असतानाच वर का चढायचं.

"आता कळलं?" रोझलिन म्हणाली. "मी चांगली, मी चांगली, हे कुणाला ऐकायचं नसतं. लोकांना तू काम करताना बघायची आहेस."

मुंडाराच्या मंडळींनाही पान सापडलं. त्या पानावर 'या कारागिराची शिफारस करता का?' असा एक प्रश्न होता. हो किंवा नाही दाबायचं आणि खाली कारण लिहायचं. गावाने एकजात 'नाही' दाबलं. पबच्या बाकावर आयुष्य काढलेल्या क्लॅरी बूथरॉइडने लिहिलं, "ही वर चढलेली पाहून माझ्या गाई आटल्या." ऑल्वेन पास्क ही विधवा बाई लांबून गाडी चालवत गावात येते, तिने लिहिलं, "हिच्यापेक्षा काकाकुव्यांनी बरी दुरुस्ती केली असती." डेस क्रोकरने तर कमाल केली: "माझी चक्की मोडली, माझा संसार मोडला, जाताना उरलेला केकही खाऊन गेली. शिफारस करत नाही."

नरेलने ते सगळं तीन-तीनदा वाचलं. इतकी सुखावली ती, की डेसला उत्तर लिहिलं: "केक कच्चा होता."

आणि मग गिलाव्हेलचा फोन आला.

गिलाव्हेल म्हणजे गुरांचं अफाट रान. एका कंपनीने ते नुकतंच विकत घेतलं होतं. फोनवर ब्रिस्बेनच्या कचेरीतली वी हुई-लिंग नावाची बाई होती. सिंगापूरहून येऊन तिला दीडेक वर्ष झालं होतं.

"मी तुमचे सगळे व्हिडिओ पाहिले," ती म्हणाली. "आमच्या सगळ्या चक्क्या काढून टाकायच्या की राखायच्या, हे ठरायचं आहे. तुमचं काम पाहून मला वाटलं, राखाव्यात. आणि पाच वर्षांसाठी तुमच्याकडे द्याव्यात."

नरेल होती तिथे पायरीवर बसली. गिलाव्हेलच्या चक्क्या! त्यातली प्रत्येक ऑब्रीने उभी केलेली. पाच वर्षं हाताला काम, आणि सुपरमार्केटचा विषय कायमचा बंद. "बरं," ती म्हणाली. आनंदात तिच्या तोंडून एवढंच निघतं.

"पण एक अडचण आहे. जगभरचे लोक तुमची वाहवा करतात आणि तुमच्या गावातला एकही माणूस तुमची शिफारस करत नाही. एका गिऱ्हाइकाचं तर घर मोडलं म्हणे. आमच्या सुरक्षा समितीने हे वाचलंय."

"ती मस्करी आहे."

"सगळ्यांची?"

"हो."

"पण गिऱ्हाईक चारचौघांत अशी मस्करी का करेल?"

उत्तर सोपं होतं: कारण मी त्यांना आवडते. पण हे वाक्य नरेलच्या तोंडून बाहेर पडेना. तिकडे हुई-लिंग वाट बघत होती.

"गुरुवारी मी स्वतः येते," शेवटी तीच म्हणाली. "तुम्ही एक बंद चक्की चालू करून दाखवा. तोवर तुमच्या लोकांना त्यांचं खरं मत लिहायला सांगा. नाहीतर समितीपुढे माझं काही चालणार नाही."

शनिवारी दुपारी नरेल पबमध्ये गेली. "अजून पडली नाहीस वाटतं?" क्लॅरीने नेहमीप्रमाणे विचारलं. तिने उलट उत्तर दिलं नाही, तेव्हा सगळ्यांचे ग्लास खाली आले.

तिने सांगितलं. सांगताना बाकाच्या कडेकडे बघत होती. "म्हणजे... तुम्ही माझ्याबद्दल थोडं बरं लिहाल का?"

पबवाला मर्व्ह कोरडाच ग्लास पुसत राहिला.

"बरं म्हणजे कसं?" क्लॅरीने विचारलं. "तू बरी आहेस, असं?"

"खरं वाटतं ते लिही."

"नावासकट? सगळ्यांसमोर?" क्लॅरीचे कान लाल झाले. "नरेल, मी बायकोला सुद्धा असलं काही लिहिलेलं नाही."

"क्लॅरी," मर्व्ह म्हणाला, "ती गेली तर तुझी चक्की तूच चढशील का? ढेरी शिडीत अडकायची तुझी."

क्लॅरीने टोपी काढली, पुन्हा घातली आणि फोन हातात घेतला. मुंडारात कुणी वारलं की सभागृहात चार शब्द बोलायचं काम त्याचंच असतं, तेव्हा चांगलं लिहिण्याचा सराव असलेला तो एकटाच. बराच वेळ एका बोटाने टाइप करून त्याने वाचून दाखवलं: "नरेल ट्रँटर. प्रामाणिक, कष्टाळू, निर्भय. बापाच्या नावाला शोभेल अशी लेक. सगळ्यांच्या मदतीला धावणारी. मुंडाराला तिच्यासारखी दुसरी मिळायची नाही."

सगळे भारावले. इतकं झकास जमल्यावर बाकीच्यांनी त्यातलेच शब्द मागेपुढे करून लिहिलं. मर्व्हने शेतीप्रदर्शनाच्या दिवशीचा तिचा फोटो वर लावला, त्यात तिचा शर्ट इस्त्रीचा होता. नरेल लाजून उठून बाहेर गेली. बुधवारी पहाटे तिने पिकअपमध्ये सामान भरलं, पानावर लिहिलं, "निघाले, गिलाव्हेलची उत्तरेची चक्की, उंच आणि हट्टी," आणि गेली. गिलाव्हेलच्या फाटकापुढे फोन लागत नाही.

इकडे, शनिवारी पबमध्ये नसलेल्या लोकांनी बुधवारी ते पान उघडलं. मैलोगणती पसरलेल्या घरांतून एकेकाने वाचलं: प्रामाणिक, निर्भय, तिच्यासारखी दुसरी मिळायची नाही. वर इस्त्रीच्या शर्टातला फोटो. त्याखाली, उंच आणि हट्टी चक्कीवर गेल्याची खबर. त्यांनी नरेलला फोन लावला, लागला नाही. मग कुणी कुणाला काही विचारलं नाही. त्या मुलखात अशा वेळी जे करतात तेच सगळ्यांनी केलं. मयताकडे न्यायचं जेवण करायला भट्टी पेटवली.

गुरुवारी सकाळी नरेल चक्कीच्या टोकाला होती. आदल्या दिवशी तिने सळ्या ओढून पंपाचं वायसर बदललं होतं, आता वरचं गिअर जोडणं बाकी होतं. हुई-लिंग खाली उभी होती, पायात उसने बूट, हातात वही नाही, नुसती वर बघत. वारा पडलेला होता.

"ती धूळ कसली?" हुई-लिंगने विचारलं.

नरेलने वळून पाहिलं. फाटकाकडून धुळीचा लोट येत होता. त्यामागे दुसरा. मग आणखी तीन. गुरं हाकायला कुणी एवढ्या वेगात येत नाही. वणवा तर नाही लागला? ती पंख्याआड पुढे वाकली.

पहिली पिकअप थांबली आणि डेस क्रोकर उतरला. दाढी केलेली, गळ्यात टाय. पाठोपाठ ऑल्वेन पास्क उतरली. तिच्या हातात रुमालाने झाकलेलं भलंमोठं भांडं होतं. माशाचं आणि मॅकरोनीचं, चीज घालून भाजलेलं. कुणाच्या घरी मरण झालं की ऑल्वेन तेच करते आणि भांडं परत मिळावं म्हणून बुडाला नावाची पट्टी चिकटवते.

डेस हुई-लिंगपुढे टोपी छातीशी धरून उभा राहिला. "तुम्ही कंपनीच्या का? आमच्या नरेलला कुठे ठेवलंय?"

हुई-लिंगला समजेना. "तुमचं नाव?"

"डेस क्रोकर."

"ज्यांची चक्की मोडली? आणि संसार?"

"अहो, तिनेच तर वाचवला!" डेसचा आवाज फुटला. "दुष्काळात माझा बोअर बंद पडला. नाताळचा दिवस. बायको म्हणाली, उद्या पाणी नसेल तर मी पोरं घेऊन जाते. नरेल घरचं जेवण सोडून आली. शिडीचे दांडे इतके तापलेले, की हाताला फडकी गुंडाळून चढली. अंधार पडायच्या आत पाणी वर आणलं. बायको राहिली. पैसे विचारले तर म्हणाली, केक असेल तर दे. आणि मी तिला काय म्हणालो? 'एवढा वेळ लागतो का,' असं म्हणालो! धड आभार सुद्धा मानले नाहीत हो मी." तो ढसाढसा रडायला लागला. ऑल्वेनने भांडं एका हातावर तोलून दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला. तीही रडत होती.

वर नरेल पान्याला धरून घट्ट बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा टॉवरवर तिला काय बोलावं सुचेना. खाली बघवेना, ऐकल्याशिवाय राहवेना. शेवटी हातातला पाना सुटला आणि टणटणत खाली आला.

सगळ्यांनी वर पाहिलं.

"डेस," नरेल वरून म्हणाली, "तो पाना दे रे तेवढा."

डेसचं तोंड उघडंच राहिलं. डोळे पुसायचे राहिले, टोपी जमिनीवर पडली आणि तो ओरडला, "मेले! जिवंत आहेस तू? टाय बांधलाय मी! दाढी केलीय! दीडशे किलोमीटर रडत आलो आणि तू वर काकाकुव्यासारखी बसून ऐकतेस?"

"पहाटे उठून मॅकरोनी केली मी, भवाने!" ऑल्वेन किंचाळली. "चांगलं चीज घातलं! निदान पाय तरी मोडून घ्यायचास!"

मागून आलेल्या गाड्यांतली माणसं उतरली, त्यांनी वर बघितलं आणि तीही तसंच ओरडायला लागली. एकजण म्हणाला, मी गुरं विकायची सोडून आलोय, आता उडी मारच. पण हसत होते सगळे, नाकं शिंकरत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. डेस शिव्या देतच अर्धी शिडी चढला आणि पाना तिच्या हातात दिला. देताना त्याने तिचं मनगट एक क्षण घट्ट धरून ठेवलं.

हुई-लिंग एकदा वर, एकदा माणसांकडे बघत होती. तिने ऑल्वेनला विचारलं, "ही माणसं इतकी का चिडली आहेत?"

"चिडली कुठे?" ऑल्वेन म्हणाली. "जीव भांड्यात पडला हो त्यांचा."

"मग त्या पानावर 'शिफारस करत नाही' असं का लिहिलं?"

"बरं लिहिलं असतं तर बिचारीला वाटलं असतं, आपलं काही बिनसलंय."

हुई-लिंग हळूहळू हसायला लागली. मग तिलाच हसू आवरेना.

नरेलने शेवटचा बोल्ट आवळला आणि खाली आली. हात पुसत उभी राहिली. हसू थांबवून हुई-लिंग तिच्यासमोर आली.

"यांचं मत मला कळलं. समितीला ते कसं समजावायचं ते मी बघते. पण तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय. हे काम तुम्ही कराल का, आणि नीट होईल का?"

नरेलने बुटांकडे पाहिलं. 'बघू, जमलं तर' हे शब्द जिभेवर येऊन बसले होते. डेस, ऑल्वेन, सगळे तिच्याकडे बघत होते. त्यांच्यासमोर असलं काही बोलायचं म्हणजे टॉवरवरून पट्टा सोडण्यासारखं होतं.

"या चक्क्या माझ्या बापाने उभ्या केल्या," ती म्हणाली. आवाज बारीक होता, मग मोठा झाला. "मी त्या आतून ओळखते. माझ्याइतकं चांगलं हे काम कुणी करणार नाही. मीच करणार."

कुणीही टोमणा मारला नाही. डेस उगाच आभाळाकडे बघत राहिला.

"मग पाच वर्षांसाठी चक्क्या तुमच्या," हुई-लिंग म्हणाली.

नरेलने ब्रेकची तार सोडली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग गवत हललं, चक्कीला वाऱ्याकडे वळवणारं वरचं शेपूट फिरलं आणि पंख्याने पहिला फेरा घेतला. सळी वरखाली व्हायला लागली. नळातून आधी हवा आली, मग गढूळ थुंकी, आणि मग पाण्याची जाड धार धाडकन हौदात पडली. डेसने टाय काढला आणि डोकं त्या धारेखाली घातलं.

पिकअपच्या मागच्या फळीवर भांडी उघडली गेली. तीन मॅकरोन्या होत्या, अंड्याची सँडविचं होती, खोबऱ्यात घोळवलेले केकचे चौकोन होते. सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्लं. नरेलचं मात्र खाण्यात लक्ष नव्हतं, ती पूर्वेकडे बघत होती. तिकडची चक्की नऊ वर्षं उभी होती नुसती, पंख्याची चार पाती गेलेली.

"संध्याकाळी वारा पडेल," ती हुई-लिंगला म्हणाली. "यायचंय? वर चढून दाखवते."

"आत्ता?"

"मग काय, पाच वर्षं संपल्यावर?"

हुई-लिंग उसने बूट आपटत पिकअपमध्ये चढली. ऑल्वेनने उरलेली मॅकरोनी तिच्या मांडीवर ठेवली आणि भांडं परत आणायची ताकीद दिली. नरेलने गाडी चालू केली, आणि पुढची चक्की कशी आहे, बापाने ती कुठल्या साली उभारली, तिची खोड काय, हे ती जमिनीवर असूनही सांगायला लागली, आणि पूर्वेकडचं फाटक मागे पडलं तरी तिचं सांगणं चालूच होतं.